नरम गवत

पंचाहत्तरीच्या कायद्याबद्दल त्या घरात माणसांपेक्षा मतं जास्त होती, कारण धाकट्या मुलाची एकट्याचीच दोन होती. एक तो चहाच्या आधी मांडायचा आणि दुसरं चहानंतर, आणि दोन्ही वेळा तितक्याच तावातावाने. कायदा अजून यायचा होता. पंचाहत्तरी ओलांडलेल्या माणसाने दरवर्षी डोळे तपासून घ्यायचे आणि नापास झाल्यास गाडीचा परवाना जमा करायचा, एवढंच त्यात होतं. पण पेपरात, टीव्हीवर, बस थांब्यावर आणि न्हाव्याच्या खुर्चीत महिनाभर दुसरा विषय नव्हता. मग ज्या घराच्या तीन पिढ्या चष्म्यांवर पोसल्या गेल्या, तिथे काय चाललं असेल हे सांगायला नको.

त्या शुक्रवारी तर सगळे वेळेआधीच जमले. सातच्या बातम्यांत बाबा दिसणार होते.

"सकाळी ते टीव्हीवाले आले तेव्हा दुकानात हे एकटेच," सासूबाई पुन्हा पहिल्यापासून सांगत होत्या. "थोरला काचांचं पार्सल सोडवायला गेलेला, मी इथे वर. मला हाक तरी मारायची ना? निदान तो मळका पडदा काढून ठेवला असता."

"आई, लोक पडदा बघणार आहेत की बाबांना?" ताई म्हणाली. ताई सकाळपासून खुशीत होती. बाबा टीव्हीवर कायद्याच्या विरोधात बोलले होते, म्हणजे तिच्या बाजूने. स्टेशनाकडचं दुसरं दुकान ती चालवायची आणि थोरल्या भावाशी तिचं एकमत झाल्याचं कोणाला आठवत नव्हतं.

धाकटी, म्हणजे धाकट्याची बायको, कोपऱ्यात बसून लेकीच्या वेण्या घालत होती. ती एका दैनिकात मुद्रितशोधक होती. छापायला जाणाऱ्या मजकुरातल्या चुका काढायच्या, हे तिचं काम. या कायद्यावरची वाचकांची यच्चयावत पत्रं तिच्या हाताखालून गेली होती. कोणी म्हाताऱ्यांच्या अपमानाबद्दल लिहीत होतं, कोणी त्यांना रस्त्यावरचे यमदूत म्हणत होतं. यमदूतातला दू दीर्घ आहे ना, तेवढं तिने बघितलं आणि पत्र पुढे सोडलं. घरात कोणी तिचं मत विचारलं तर ती म्हणायची, "मी फक्त ऱ्हस्वदीर्घ बघते." त्यावरून नणंदेने तिचं नाव 'बिनमताची' ठेवलं होतं आणि ते चिकटलंही होतं.

तिने ते चिकटू दिलं होतं. मागच्या वर्षी जुना पूल पाडावा की ठेवावा यावरून थोरला आणि ताई अर्धं वर्ष एकमेकांशी बोलले नव्हते. एका दुकानातला निरोप दुसऱ्या दुकानात धाकट्याच्या तोंडून जायचा आणि धाकटा वाटेत त्यात स्वतःची भर घालायचा. पूल अजूनही जागच्या जागी उभा होता. सून म्हणून आलेल्या बाईने या घरात मत बाळगणं म्हणजे हौसेने पायावर धोंडा पाडून घेणं आहे, असं तिचं मत होतं, आणि तेही तिने कोणाला सांगितलं नव्हतं.

"आई, मागच्या शनिवारी मला पैकीच्या पैकी मार्क मिळाले," चिमणी मान न हलवता म्हणाली.

"पोहण्यात?"

"नाही गं, गाडीत. आजोबा विचारतात, सांग बघू, पुढचा दिवा कुठला? मी लग्गेच सांगायचं. लाल, नाहीतर हिरवा. मी एकदापण चुकले नाही."

"शहाणी माझी ती," असं म्हणून तिने रिबिनीची गाठ मारली. दर शनिवारी सकाळी आजोबा नातीला त्यांच्या निळ्या गाडीतून तलावावर पोहायला न्यायचे. त्या एका सकाळी तिला उशिरा उठता यायचं, आणि त्याबद्दल ती सासऱ्यांची मनापासून ऋणी होती.

तिकडे नेहमीचं जुंपलं होतं.

"तपासून घ्यायला काय जातं?" थोरला म्हणत होता. त्याचं लग्न दुकानाशीच लागलेलं, त्यामुळे दुकानाविरुद्ध कोणी बोललं की तो बायकोची निंदा ऐकल्यासारखा लाल व्हायचा. "मी रोज बघतो ना. समोरची भिंत दिसत नाही आणि गाडी चालवत दारापर्यंत येतात. परवा एकाच्या गाडीचा आरसा माझ्या पाटीलाच घासला."

"तुझ्या दारात रांग लागणार म्हणून तुला कायदा गोड लागतोय."

"तुझ्या दारात नाही लागणार?"

"मला नको तसली रांग. म्हाताऱ्या माणसाच्या हातातली किल्ली काढून घ्यायची आणि त्याला खिडकीत बसवून ठेवायचं. बाबांकडे बघ. एक्याऐंशी पूर्ण. शेवटची ओळ आजही घडाघडा वाचतात."

"बाबांची गोष्ट वेगळी," थोरला म्हणाला.

"तेच तर मी म्हणतो," धाकटा म्हणाला. तो नेमकं काय म्हणत होता हे कोणी विचारलं नाही.

बाबा आरामखुर्चीत बसून मिशीतल्या मिशीत हसत होते. सकाळी घातलेला कोट त्यांनी अजून काढला नव्हता.

ही शेवटची ओळ त्या घराची खास होती. दुकान सुरू झालं तेव्हा बाबांच्या वडिलांनी अक्षरांचा तक्ता छापून घेतला होता. खालच्या बारीक ओळीत कुठलीही सहा अक्षरं टाक, असं त्यांनी छापखान्यात सांगितलं, आणि खिळे जुळवणाऱ्याने हाताला लागतील ती लावली: न र म ग व त. तक्ता भिंतीवर लागल्यावर कोणाच्या तरी लक्षात आलं की हे नरम गवत झालंय. तेव्हापासून घरात सगळं ठीक असण्याला तोच शब्द. पोरगं पास झालं, नरम गवत. आईचा ताप उतरला, नरम गवत. धाकटी लग्नाआधी पहिल्यांदा घरी आली तेव्हा बाबांनी तिला नीट पाहून, आत वळून मोठ्याने 'नरम गवत' म्हटलं होतं, आणि म्हाताऱ्याचं डोकं ठिकाणावर नाही असं वाटून ती चहा अर्धा टाकून निघणार होती.

"लागलं, लागलं!" सासूबाई ओरडल्या.

पडद्यावर दुकान आलं. काउंटर, फ्रेमांचं कपाट, मळका पडदा. आणि कोटातले बाबा, हातात तपासणीची काठी.

"हा कायदा म्हणजे आमचा अपमान आहे," टीव्हीतले बाबा ठणकावून म्हणाले. "वयावरून नजर ठरत नाही. मी पन्नास वर्षं लोकांचे डोळे तपासतोय. माझे कोणी तपासायचे? बघा, तुमच्यासमोर वाचतो." ते चार पावलं मागे गेले, तक्त्याकडे काठी रोखून उभे राहिले आणि एकेक अक्षर तोफेसारखं सोडू लागले. "न!"

"न!" घरातले सगळे ओरडले. हे वाचन त्यांच्याकडे असंच व्हायचं, एकाने सुरू केलं की बाकीचे सूर मिळवायचे.

"र! म!"

कॅमेरा तक्त्याच्या खालच्या ओळीजवळ गेला. क्षणभरच. पण धाकटीचे डोळे दिवसभर अक्षरांवरून फिरायचे आणि माणसाला काय म्हणायचं होतं याच्याशी त्यांना देणंघेणं नसायचं. कागदावर काय आहे तेवढं त्यांना दिसायचं. तिथे नरम गवत नव्हतंच. तिथे ट ल प स च क होतं.

"ग! व! त!" टाळ्या पडल्या. चिमणीने आजोबांच्या मांडीवर उडी मारली. सासूबाईंनी डोळ्याला पदर लावला. ताई तर उभीच राहिली. "बघितलंत? आता बोला म्हणावं सरकारला!"

फक्त थोरल्याचा आवाज 'म' पाशीच तुटला होता. धाकटीने त्याच्याकडे पाहिलं. तो पडद्याकडे बघत होता, आणि त्याचा चेहरा धुतलेल्या पाटीसारखा कोरा झाला होता. मग त्याने तिच्याकडे पाहिलं. हिनेही बघितलंय हे त्याला कळलं. त्याने अगदी हळू, कोणाला दिसणार नाही अशी मान हलवली. नको. बोलू नकोस.

महिनाभर कायद्याची बाजू घेऊन घसा कोरडा करणारा माणूस तो! धाकटीला त्याचा राग आला नाही. बापाला सगळ्यांसमोर उघडं पाडायला नको, आपण नंतर हळूच बघू, असंच त्याच्या मनात असणार. तिनेही एरवी तेच केलं असतं. मान खाली घालून रिबिनीशी खेळत बसली असती.

पण तिला दिवे आठवले. सांग बघू, पुढचा दिवा कुठला? लाल, नाहीतर हिरवा. म्हातारा खेळ म्हणून विचारत नव्हता. त्याला दिसत नव्हतं म्हणून विचारत होता, आणि आठ वर्षांची तिची पोर त्याला चौक पार करून देत होती. आणि उद्या शनिवार होता.

"बाबांनी ते वाचलं नाही," ती म्हणाली.

गलक्यात कोणाला ऐकू गेलं नाही. ती उठून उभी राहिली आणि या घरात आल्यापासून पहिल्यांदा मोठ्या आवाजात बोलली. "बाबांनी वाचलं नाही. पाठ म्हटलं. तक्त्यावर ट ल प स च क आहे. तक्ता नवा आहे."

"काय बोलतेयस तू?" ताई म्हणाली.

"टीव्हीवर इतकं बारीक कुठे दिसतं," थोरला घाईघाईने म्हणाला. "हिला भास झाला असेल."

"भाऊजी, तुम्हीच लावलाय ना तो? मग तुम्ही सांगा. नरम गवत आहे त्याच्यावर?"

थोरला पुन्हा पडद्याकडे बघू लागला. ताईने भावाकडे पाहिलं, त्याच्या तोंडावरचं सगळं वाचलं, आणि तिचा पवित्रा तिथल्या तिथे बदलला. पूल बाजूला राहिला, कायदा बाजूला राहिला. ती त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली. "अरे बोल ना," ती अगदी हलक्या आवाजात म्हणाली. "आहे का नाही?"

उत्तर आरामखुर्चीतून आलं. बाबांनी चिमणीला मांडीवरून खाली उतरवलं होतं.

"नवा तक्ता कधी लावलास?"

"सोमवारी," थोरला म्हणाला. "जुना आता गावाला पाठ झालाय. कायदा आला तर न बघताच सगळे नरम गवत म्हणतील, म्हणून बदलला."

"मला नाही सांगितलंस."

"वाटलं, दिसला असेल."

चिमणीला धाकट्याने आतल्या खोलीत चित्रं काढायला बसवलं. मग सासूबाईंचा पारा चढला, आणि तो कोणावर काढावा हे त्यांना कळेना. "मेल्यांनो, सबंध घर डोळ्यांचं, आणि यांचे डोळे कोणी बघितले नाहीत? थोरल्या, तू काय करत होतास?"

"मला वाटलं ताईकडे तपासतात. स्टेशनाकडे गेले की सांगायचे, तिच्याकडे जाऊन आलो."

"चहाला यायचे माझ्याकडे!" ताई म्हणाली. "मला वाटलं, तू रोजच बघतोस."

"आणि मला वाटलं, दोघंही बघतात," धाकटा म्हणाला. या एका बाबतीत त्याचं एकच मत निघालं.

"त्यांना ओरडू नकोस," बाबा बायकोला म्हणाले. "मीच बघू दिले नाहीत. मला माहीत होतं काय निघणार ते. माझ्या आईचं असंच सुरू झालं होतं. दिव्याभोवती कडं दिसायचं. मग रंग जायला लागले."

बाबांच्या आईला काचबिंदूने गाठलं होतं. शेवटची वर्षं ती याच घरात भिंतीला हात लावून चालायची, आणि चष्मेवाल्याच्या घरात आंधळी म्हातारी म्हणून लोक हसायचे. बाबा तेव्हा कॉलेजात होते. त्या हसण्याच्या तिडिकीनेच ते पुढे दुकानात बसले, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. पण त्या तिडिकीखाली इतकी वर्षं एवढी भीती असेल असं कोणाला वाटलं नव्हतं.

"चला खाली," थोरला म्हणाला.

"आत्ता?"

"आत्ता. मला रात्रभर जागायचं नाहीये."

सगळी वरात जिना उतरून दुकानात आली. बाबांचा हात धाकटीने धरला होता. त्यांनी तो काढून घेतला नाही, आणि पायऱ्या ते पायाने चाचपत उतरताहेत हे तिला कळलं. थोरल्याने दिवा लावला आणि तपासणीची उंच खुर्ची पुढे ओढली. त्या खुर्चीत बाबांनी अर्ध्या गावाला बसवलं होतं. स्वतः बसायला ते अवघडले, नवख्या गिऱ्हाइकासारखे कोटाची बटणं चाचपत राहिले.

थोरल्याने गोल चौकट त्यांच्या नाकावर चढवली आणि काचा बदलायला सुरुवात केली. "हे बरं, की ते?"

"फरक नाही."

"आणि आता?"

"फरक नाही रे. तूही काय विचारतोस."

कुठल्याच काचेने फरक पडत नसला की त्याचा अर्थ दोष नंबरचा नाही, डोळ्याच्या आतला आहे असा होतो, हे त्या खोलीत धाकटी सोडून सगळ्यांना माहीत होतं. तिला तो त्यांच्या तोंडावरून कळला. आपण हे काय करून बसलो, असं तिला वाटलं. सांगितलं नसतं तर एवढी एक संध्याकाळ तरी आनंदात गेली असती. ताईने अचानक तिचं मनगट पकडलं. घट्ट, नखं रुतेपर्यंत. तिने सोडवून घेतलं नाही.

थोरल्याने डोळ्यावर हवेची फुंकर मारणारं यंत्र पुढे सरकवलं. काचबिंदूत डोळ्याचा दाब वाढतो; त्याने दोन्ही डोळ्यांचा दाब मोजला. आकडा पाहिला. पुन्हा मोजला. मग तो दिव्याच्या मोठ्या यंत्रामागे बसला आणि बापाच्या डोळ्यात बघू लागला. बराच वेळ त्याचं फक्त डोक्याचं टक्कल दिसत होतं.

"बोल," बाबा म्हणाले. "मला फसवू नकोस. या धंद्यात तू काल आलास."

थोरला यंत्रामागून बाहेर आला तो रडत होता. "मोतीबिंदू," तो म्हणाला. "बाबा, साधा मोतीबिंदू. दोन्ही डोळ्यांत, चांगला पिकलेला. दाब ठीक आहे. ऑपरेशन करून टाकू. डॉक्टर बघतीलच, पण दाब ठीक आहे."

"काचबिंदू नाही?"

"नाही हो. मोतीबिंदूमुळेच काचांनी फरक पडेना."

बाबांनी डोळे मिटले आणि इतका लांब श्वास सोडला की समोरच्या काचेवर वाफ धरली. मग एकच कल्लोळ झाला. ताईने थोरल्याला मिठी मारली आणि त्याने मारू दिली. धाकटा "मोतीबिंदू! मोतीबिंदू!" करत काउंटरवर ताल धरून बसला. सासूबाई एका हाताने डोळे पुसत आणि दुसऱ्याने त्याच्या पाठीत धपाटा घालत म्हणाल्या, "मोतीबिंदू झाला म्हणून नाचणारं घर जगात हे एकच असेल!" धाकटी भिंतीला टेकून हसत होती आणि तिचे गाल ओले झाले होते. छातीवरचा दगड उतरला म्हणतात, तो खरंच उतरतो हे तिला तेव्हा कळलं.

"बिनमताची," ताई तिला म्हणाली, आणि पुढे काही सुचेना म्हणून तिने वहिनीचं मनगट, जिथे नखं रुतली होती तिथे, हळूच चोळलं.

"सूनबाई," बाबांनी खुर्चीतूनच हाक मारली. "तो नवा तक्ता वाचून दाखव बघू. खालची ओळ."

"ट ल प स च क."

"काय भिकार ओळ आहे. लक्षातसुद्धा राहणार नाही."

"म्हणूनच लावली," थोरला नाक पुसत म्हणाला, आणि पुन्हा सगळे हसले.

"मी त्या टीव्हीवाल्यांना फोन करतो," बाबा म्हणाले. "काय ते तुम्ही पेपरवाले लिहिता, चूक झाल्यावर?"

"शुद्धिपत्र."

"तेच. काल आमच्या भाषणात 'नरम गवत' असे आले आहे, त्याऐवजी 'ट ल प स च क' असे वाचावे. आणि कायद्याबद्दल जे बोललो... ते ऑपरेशन झाल्यावर ठरवू. तोवर मत राखून ठेवलंय म्हणा."

"मीही राखून ठेवतो," धाकटा म्हणाला. "दोन्ही."

एवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. चिमणी कठड्यावरून वाकली होती, एक वेणी सुटलेली. "आजोबा, उद्या पोहायला जायचंय ना?"

बाबांनी कोटाच्या खिशात हात घातला आणि निळ्या गाडीची किल्ली काढली. ती त्यांनी कोणाकडेही न बघता तळहातावर धरली. "जायचंय की. आई नेईल. मी तुझ्या शेजारी मागे बसणार."

चिमणीचा चेहरा पडला. "मग दिवा कुठला ते कोण सांगणार?"

"कसला दिवा गं?" सासूबाईंनी हसत विचारलं.

"चौकातला. मी सांगते ना आजोबांना. लाल आहे की हिरवा. मी सांगितलं की मगच ते जातात."

काउंटरवरचा ताल थांबला. सासूबाईंचा हात तोंडावर गेला. थोरला खुर्चीच्या दांड्याला धरून उभा राहिला, आणि ताईने वहिनीकडे पाहिलं. ती उभी राहून मोठ्याने का बोलली होती, हे आता कुठे त्या घराला कळलं. किल्ली बाबांच्या तळहातावर तशीच होती. त्यांना सुनेकडे बघवेना.

धाकटीने पुढे होऊन किल्ली उचलली आणि तो हात आपल्या दोन्ही हातांत धरून ठेवला.

"कोणी सांगायला नको, राणी," ती लेकीला म्हणाली. "मला दिसतो. जा, झोप आता, सकाळी लवकर निघायचंय."